ज्याची त्याची धूळ

आमच्या कानवडी नदीच्या खोऱ्यात धूळ भरपूर होती, पण ती कुणाचीच नव्हती.

तहसील कचेरीत सुनावणी लागली की खडी क्रशरवाले म्हणायचे, धूळ रिंगरोडच्या कामाची आहे. रिंगरोडचा ठेकेदार म्हणायचा, आमचे टँकर दिवसभर पाणी मारतात, धूळ त्या नव्या टॉवरांची. टॉवरवाले म्हणायचे, आम्ही हिरवी जाळी लावलीय, धूळ डंपरांची. डंपरवाले म्हणायचे, रस्ताच असा आहे तर आम्ही काय करणार? मग कुणीतरी वयस्कर माणूस उठून सांगायचा, "आमच्या लहानपणीपण उन्हाळ्यात धूळ असायचीच की." साहेब मान डोलवायचे, चहा यायचा आणि पुढची तारीख पडायची.

मी हेमलता शिळीमकर. तालुक्याच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. लग्न केलं नाही, त्यामुळे आडनाव आणि माहेर दोन्ही शाबूत आहे. माहेर करंजदरीचं, खोऱ्याच्या अगदी तळाशी. तिथे माझा धाकटा भाऊ दिगंबर राहतो आणि गावाच्या वरच्या अंगाला त्याचा खडी क्रशर आहे. त्यामुळे कचेरीतली सुनावणी संपली की तिचा उरलेला भाग आमच्या घरी जेवणाच्या ताटावर चालायचा.

करंजदरीत हिवाळ्यात सकाळी समोरचा डोंगर दिसत नाही. पाहुणे म्हणतात, काय छान धुकं पडलंय! ते धुकं बोटाला लागतं. ज्वारीची पानं पांढरी असतात, दोरीवरचे कपडे वाळायच्या आधी राखाडी होतात, आणि एसटीच्या थांब्यावर उभी माणसं आलटून पालटून खोकतात, जणू पाळी लावून दिलीय.

यात कोडं काही नाही. हिवाळ्यात दिवस मावळला की डोंगराचे उतार भराभर थंड होतात. त्यांना टेकलेली हवा थंड होते, जड होते आणि अगदी पाण्यासारखी वागायला लागते. ओढ्या-ओढ्यानं खाली सरकते आणि तळाशी साठते. तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. दिवसभर उडालेली धूळ त्या साठ्यात तरंगत राहते, आणि दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं तापून ते झाकण उघडेपर्यंत कुठेही जात नाही. कानवडीचं पाणलोट क्षेत्र जसं एक आहे, तसं हवेचंही क्षेत्र एकच आहे. खोऱ्यात कुणीही, कुठेही धूळ उडवली तरी ती शेवटी करंजदरीच्या छातीत जमा होते. हे मी प्रत्येक सुनावणीत सांगितलं. एकदा एक कारकून फार सभ्यपणे म्हणाला, "मॅडम, पाणलोटाचं खातं वेगळं. ते वरच्या मजल्यावर."

तेव्हा एक साधा नियम होता. हवा फारच बिघडली की खोऱ्यातली सगळी कामं बंद. क्रशरवाले त्याच्याविरुद्ध कोर्टात गेले. कुणाची धूळ किती ते आधी सिद्ध करा, मग ज्याची त्याला शिक्षा द्या. कोर्टाला ते पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं. मला वाटलं, ठीक आहे, सिद्धच करून दाखवू. एकदा चोर सापडला की तारखा संपतील.

त्यातून 'कणसाक्षी' आली.

शहरातल्या एका प्रयोगशाळेनं ते यंत्र बनवलं. दिसायला कपाटाएवढं, आवाज फ्रिजसारखा. ते हवा ओढून घेतं, तिच्यातले कण एकामागून एक रांगेत सोडतं आणि प्रत्येक कणावर लेझरचा फटका मारतं. कण जळताना क्षणभर चमकतो. त्या उजेडात कोणती मूलद्रव्यं किती आहेत, ते यंत्र वाचतं. पुढचं काम माझं होतं. आपला दख्खनचा दगड वरून सगळा काळाच दिसतो, पण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा काही एका दमात ओतला गेला नाही. थरावर थर आले आणि प्रत्येक थराची घडण जराशी वेगळी. एकात टायटॅनियम थोडं जास्त, दुसऱ्यात स्ट्रॉन्शियम. एकाच डोंगराच्या पायथ्याची खाण आणि कमरेवरची खाण, दोन्हींचा दगड डोळ्याला सारखा, पण रसायनात दोन सख्खे भाऊ असावेत इतका वेगळा. मी विद्यार्थ्यांना घेऊन खोऱ्यातल्या प्रत्येक खाणीचा दगड आणला, प्रत्येक बांधकामावरचं सिमेंट आणलं, विटा आणल्या, डंपरच्या टायरचं रबर आणलं. यंत्राला सगळ्यांची ओळख करून दिली. आता हवेतला कण सांगू शकत होता, मी अमक्याचा.

सरकारनं नवा नियम केला. हवेतल्या धुळीत ज्या परवानाधारकाचा वाटा शंभरात पाचाच्या वर, त्याचं काम हंगामभर बंद.

पहिल्या हिवाळ्यात खोऱ्यातल्या तीन मोठ्या खाणी बंद झाल्या. गावात पेढे वाटले गेले. दिगूचा क्रशर पाचाच्या जरासा वर निघाला, तोही बंद झाला. पेढ्याचा पुडा त्याच्यापुढे आला तेव्हा त्यानं तो तसाच माझ्याकडे सरकवला.

"सख्ख्या भावाची धूळ मोजलीस," तो म्हणाला.

"सगळ्यांची मोजली. तुझी वगळायची होती का?"

"वगळू नको गं. पण थोडी लांबून मोजायची."

त्याची बायको उज्ज्वला भाकरी थापता थापता हसली आणि हसता हसता खोकली. तेव्हा त्या खोकल्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. करंजदरीत खोकला म्हणजे बोलण्यातला स्वल्पविराम.

त्या उन्हाळ्यात मी कणसाक्षीला आणखी हुशार केलं. क्रशरच्या लोखंडी जबड्यात दगड दाबून फुटतो, त्यामुळे तिथला कण टोकदार असतो. पुढे चाळणीवर कण एकमेकांवर घासतात, त्यांची टोकं झिजतात. ढिगावरून वाऱ्यानं उडणारा कण आणखी निराळा. यंत्राला हे ओळखता यायला लागलं. आता नुसता क्रशर कळत नव्हता, क्रशरचा कोणता भाग धूळ सोडतोय तेही कळत होतं. मला वाटलं, आता मालकांना नेमकं सांगता येईल की चाळणीवर झाकण घाला, ढिगावर पाणी मारा. कॉलेजच्या सभागृहात मी त्यावर व्याख्यान दिलं. दिगू पहिल्या रांगेत बसला होता. पडद्यावरच्या प्रत्येक चित्राचा त्यानं फोनमध्ये फोटो काढला. मला केवढं बरं वाटलं! भाऊ सुधारला म्हणून.

दिवाळीपर्यंत खोऱ्यातल्या प्रत्येक क्रशरचे तीन तुकडे झाले होते. जमिनीवर काही हललं नाही. तोच जबडा, तीच चाळण, तोच ढीग, मधून धावणारा तोच पट्टा. फक्त कागदावर जबडा एकाच्या नावानं, चाळण दुसऱ्याच्या, ढीग तिसऱ्याच्या. परवाने तीन, धुळीचे वाटेही तीन, आणि प्रत्येक वाटा पाचाच्या खाली. बंद पडलेल्या तीन मोठ्या खाणी नऊ छोट्या होऊन परत सुरू झाल्या. रिंगरोडच्या ठेकेदारानं आपल्या कामाचे इतके पोट-ठेकेदार केले की प्रत्येकाच्या वाट्याला हातभर रस्ता आला असेल.

यंत्र जितकं अचूक होत गेलं, तितका प्रत्येकाचा गुन्हा बारीक होत गेला. धूळ तेवढीच राहिली. उलट वाढली, कारण आता प्रत्येकजण नियमात होता.

"नावं कुणाची टाकलीत?" मी दिगूला विचारलं.

"घरातलीच. जबडा माझा, ढीग मेव्हण्याचा, चाळण उज्ज्वलाची."

"तिला विचारलंस?"

"त्यात काय विचारायचं? सगळ्यांनी बायकांचीच टाकलीत. भावांच्या नावावर टाकलं तर पुढे वाटणी मागतात."

सरकारनं क्रशरच्या प्रत्येक यंत्राच्या मोटरीला कुलूप बसवलं होतं. परवानाधारकानं आठवड्यातून एकदा फोनवर अंगठा लावला तरच मोटर चालू राहायची. मी माहेरी गेले की हा सोहळा बघायची. उज्ज्वलाचे हात पिठात असायचे. दिगू फोन तिच्यापुढे धरायचा, "अंगठा लाव गं." ती पदराला अंगठा पुसायची आणि लावायची. गॅसचा सिलिंडर आला की सही करतात, तसं.

संक्रांतीच्या सुमाराला उज्ज्वला जिन्याच्या मधल्या पायरीवर बसलेली दिसली. हातात धुणं होतं.

"काय झालं गं?"

"काही नाही वन्सं. जरा टेकले. हल्ली जिना उंच झालाय."

मी तिला शहरातल्या इस्पितळात घेऊन गेले. दिगूही आला. डॉक्टर तरुण होत्या आणि थेट बोलणाऱ्या. फुप्फुसं आतून घट्ट होत चालली आहेत, त्यांनी सांगितलं. जेवढी झाली तेवढी परत मऊ होणार नाहीत. पुढची वाचवायची असतील तर धुळीपासून लांब जायला हवं. मग म्हणाल्या, "हल्ली आमच्याकडे एक तपासणी होते. कफातले कण कणसाक्षीत घालून बघतो. कुठली धूळ आहे ते कळतं."

यंत्राची ही करामत मलाच माहीत नव्हती. दगडांची माझी ओळखपाळख इस्पितळापर्यंत पोचली होती.

अहवाल यायचा होता त्या दिवशी दिगूकडे बघवत नव्हतं. दाढी वाढलेली, बोटं सारखी फोनच्या कडेवरून फिरत होती. ज्या माणसानं क्रशरचे तीन तुकडे केले, त्याला मनातून माहीत होतं की बायकोच्या छातीत काय सापडणार आहे. मला त्याची दया आली. डॉक्टरांनी पडदा आमच्याकडे वळवला. नावांची लांबच लांब रांग होती. खोऱ्यातले सगळे क्रशर, टॉवर, रिंगरोडचे तुकडे, डंपर. दिगूनं बोट ठेवून आपलं नाव शोधलं. मग त्यानं पुन्हा एकदा बघितलं. त्याचा चेहरा हळूहळू उजळला.

"ताई, बघ! माझे फक्त दोन टक्के!"

त्यानं पडद्यावर बोट आपटलं.

"फक्त दोन! मी इतके दिवस उगाच जिवाला घोर लावून बसलो. हा बघ, वरच्या खाणीवाला माझ्या दुप्पट आहे. टॉवरवाले बघ. मी तर यात कुठेच नाही!"

"दिगू, ती तुझ्या शेजारी बसलीय."

"हो, पण माझ्यामुळे नाही ना बसली! तूच सांग, तुझंच यंत्र आहे. दोन टक्क्यांनी कुणाला काही होतं का?"

"दोनानं नाही होत. त्या वरच्या खाणीवाल्याच्या चारानं पण नाही होत. कुणाच्याच वाट्यानं काही होत नाही! मग हिला झालंय काय? नजर लागलीय?"

माझा आवाज चढला असावा, कारण बाहेरून नर्स डोकावून गेली. दिगूच्या खांद्यावरचं ओझं उतरलं होतं ते काही पुन्हा चढलं नाही. मला त्या यंत्राचा इतका संताप आला की ते समोर असतं तर मी त्यावर माझा दगड फोडायचा हातोडा चालवला असता. त्यानं एका नवऱ्याला त्याच्या बायकोच्या आजारातून शंभरात अठ्ठ्याण्णव निर्दोष सोडलं होतं.

उज्ज्वला इतका वेळ पडद्याकडे बघत होती. मग तिनं हळूच विचारलं, "वन्सं, हे 'उज्ज्वला एंटरप्रायझेस' म्हणजे मीच का?"

"हो."

"तिच्यापुढे तीन लिहिलंय."

"हो. चाळणीतून धूळ जास्त उडते."

"म्हणजे यांच्यापेक्षा माझीच माझ्या छातीत जास्त?" ती म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता खोकली, खोकता खोकता पुन्हा हसली. डॉक्टरांनी तिला पाणी दिलं. दिगू तेवढा हसला नाही.

पुढच्या महिन्यात तहसील कचेरीत सुनावणी होती. खात्याचे नवे अधिकारी आले होते, वाळिंबे नावाचे. स्वच्छ माणूस, स्वच्छ शर्ट, समोर कणसाक्षीचा पडदा. उज्ज्वला म्हणाली, मलाही यायचंय. मी म्हटलं, तुला दगदग होईल. ती म्हणाली, "परवाना माझ्याही नावावर आहे की. मालकांना बोलावलंय ना?"

आम्ही गेलो. दालनात दिगू आणि बाकीचे क्रशरवाले आधीच बसले होते. उज्ज्वला मालकांच्या रांगेत न बसता माझ्या शेजारी बसली. खिडकीतून समोरचा डोंगर दिसायला हवा होता. दिसत होती ती मळक्या दुधाची भिंत.

वाळिंबे साहेबांनी सगळी नावं वाचली. प्रत्येकापुढे 'नियमानुसार'. शेवटी म्हणाले, "एकाही परवानाधारकाचा वाटा पाचाच्या वर नाही. त्यामुळे कारवाईचा प्रश्न उद्भवत नाही."

मी उभी राहिले. "साहेब, सगळ्यांची बेरीज केलीत का?"

"बेरजेची तरतूद नाही, मॅडम."

"खिडकीबाहेर बघा. ती बेरीज आहे. हे खोरं एक भांडं आहे. त्यात शंभर जणांनी चिमूट चिमूट मीठ टाकलं तर आमटी खारट होते की नाही? तुम्ही प्रत्येकाची चिमूट मोजून म्हणताय आमटी नियमानुसार आहे!"

मागे कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. ते खरंच विचार करत होते, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

"मॅडम, तुमचं म्हणणं मला समजतं," ते म्हणाले. "पूर्वी तसाच नियम होता. सगळ्यांना एकत्र बंद करणारा. पण ज्याची त्याची धूळ मोजा अशी मागणी झाली. तुमचीही सही आहे त्या मागणीवर."

मी खाली बसले.

शेजारून उज्ज्वला उठली. खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"साहेब, मी उज्ज्वला शिळीमकर. चाळण माझ्या नावावर आहे. मला ती बंद करायची असली तर?"

साहेबांनी पडदा बघितला. "आपला वाटा मर्यादेत आहे, ताई. बंद करायची गरज नाही."

"गरजेचं नाही विचारलं. करता येते का?"

"परवानाधारक आहात. केव्हाही करता येते."

"कुणाला विचारावं लागतं?"

साहेबांनी पडद्यावर नियम शोधला. "नाही. कुणालाच नाही. अंगठा लावायचा नाही, किंवा लावून बंद म्हणायचं."

उज्ज्वलानं कमरेची पिशवी सोडली, फोन काढला, पदराला अंगठा पुसला आणि लावला. दिगू पहिल्या रांगेतून अर्धा उठला होता. "ए उज्ज्वला," एवढंच तो म्हणाला.

क्रशर कसा चालतो हे ज्यानं पाहिलंय त्याला पुढचं सांगायला नको. जबड्यातून दगड फुटून येतो, पट्ट्यावरून चाळणीत जातो, चाळणीतून ढिगावर. चाळण थांबली की मागून येणारा दगड साचतो, पट्टा अडतो, आणि जबड्याला तोंड मिटून बसावं लागतं. दालनातच दिगूचा फोन वाजला. पलीकडून त्याचा मुकादम ओरडत होता, की चाळण एकाएकी बंद पडली, पट्टा तुंबला, काय करू?

घरी आल्यावर दिगूनं आकाशपाताळ एक केलं. रिंगरोडची ऑर्डर हातची जाईल, माणसं कामाविना बसतील, पाहुण्यारावळ्यांत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मग माझ्याकडे वळला. "हे तू शिकवलंस तिला."

"मला सुचलं असतं तर कधीच शिकवलं असतं," मी म्हटलं. हे अगदी खरं होतं.

"परवाना काढून घेतो तिच्या नावावरून. उद्याच."

"घे की. नाव बदलायला नवा अर्ज, नवी पाहणी, नवी सुनावणी. चहा येईल, तारीख पडेल." इतकी वर्षं ज्या कचेरीनं मला रडवलं, ती त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या बाजूनं होती.

उज्ज्वला पलंगावर बसून सगळं ऐकत होती. तिनं आवाज चढवला नाही, तेवढा श्वासच नव्हता. थांबत थांबत बोलली. "तुम्ही म्हणाला होतात, दोन टक्क्यांनी काय होतंय. मी म्हटलं, माझे तीन कमी करून बघावेत. तुमचे दोन तुम्ही बघा."

दिगू अंगणात जाऊन उभा राहिला. किती तरी वेळ आत आला नाही.

ही बातमी खोऱ्यात पसरायला फोन लागला नाही. प्रत्येक क्रशरची चाळण नाहीतर ढिगाचा पट्टा कुणाच्या तरी बायकोच्या, आईच्या, भावजयीच्या नावावर होता. त्या बायकांना इतके दिवस वाटत होतं की आपण नुसता अंगठा लावतो. वरच्या खाणीवाल्याची आई सत्तरीची. नातू दम्यानं बेजार. तिनं त्या आठवड्यात अंगठा लावायला चक्क नकार दिला. सून म्हणाली, सासूबाईच नाही म्हणतात तर मी कशी लावू? दुसरीनं मोटर बंद केली आणि घरात बोलणी खाऊन दुसऱ्या दिवशी परत चालू केली. एकीला नवऱ्यानं माहेरी धाडलं. ती अंगठा घेऊनच गेली, आणि तिचा क्रशर ती परत येईपर्यंत बंद राहिला. कितीतरी जणींनी काहीच केलं नाही, आणि त्यांना बोल लावायला मी कोण? पण फाल्गुन लागेपर्यंत खोऱ्यातले निम्मे क्रशर गप्प होते.

एका सकाळी मी एसटीतून उतरले आणि समोर डोंगर होता. नुसता आकार नव्हे, त्याच्या कड्यातले थर दिसत होते, मोजता येतील असे. थांब्यावरच्या कुणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं. मी वेड्यासारखी त्यांना बोट करून दाखवत राहिले.

या आनंदावर विरजण पडायला फार वेळ लागला नाही. ठेकेदाराला खडी हवीच होती. त्यानं डोंगरापलीकडच्या खोऱ्यात खाणी बघायला सुरुवात केली. तिकडचे लोक माझ्याकडे आले, म्हणाले, मॅडम, तुमचं ते यंत्र आमच्याकडे लावा. मी त्यांना सांगितलं, यंत्र लावू, पण ते कुणाची धूळ विचारेल तेव्हा उत्तर देऊ नका. आधी खोऱ्याची बेरीज मागा. ते माझ्याकडे असे बघत राहिले, की जणू बाईचं डोकं फिरलंय. मग मी पहिल्यापासून सगळं सांगायला बसले. अजून सांगतेच आहे. नियम बदलायचा अर्ज वाळिंबे साहेबांकडे आहे. साहेब म्हणतात, बेरीज हा विषय कदाचित वरच्या मजल्यावर जाईल.

चैत्रात माहेरी गेले होते. दिगू कागदांची गुंडाळी घेऊन माझ्यासमोर बसला. हल्ली तो मवाळ बोलतो. क्रशर बंदच उभा होता, आणि ठेकेदारानं त्याला पलीकडच्या खोऱ्यात नवा बसवून द्यायची तयारी दाखवली होती.

"ताई, तिकडे पण तीन नावं लागणार. बायकांची नावं टाकायला आता कुणी धजत नाही. म्हटलं, तुझं टाकावं का?"

मला वाटलं, हा चेष्टा करतोय. त्याच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती.

"टाक की," मी म्हटलं. "चाळण माझ्या नावावर कर."

त्यानं कागदांची गुंडाळी आणखी घट्ट केली. "पहिल्याच दिवशी बंद पाडशील तू."

"पहिल्या दिवशी कशाला? सगळं बसवून होऊ दे आधी."

तो हसला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. तेवढ्यात आतून उज्ज्वला आली. डॉक्टरांनी तिला रोज संध्याकाळी थोडं चालायला सांगितलं होतं आणि सोबत प्राणवायूचं छोटं नळकांडं ठेवायला. "मी देवळाच्या टेकाडापर्यंत जाऊन येते," ती म्हणाली. "तुम्ही हे घेऊन चला मागनं."

दिगूनं गुंडाळी कोनाड्यात ठेवली आणि नळकांड्याचा पट्टा खांद्याला अडकवला. आम्ही तिघं निघालो. उज्ज्वला हळू चालत होती, दर थोड्या वेळानं थांबत होती, पण टेकाडावर पोचली आणि दगडावर बसली. मागे वळून बघितलं तर दिगू अजून अर्ध्या वाटेवर होता. गुडघ्यावर हात टेकून उभा. छाती भात्यासारखी चालली होती.

तो वर आला तेव्हा उज्ज्वला त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"हे नळकांडं जड आहे," तो धापा टाकत म्हणाला.

ते मी सकाळी एका हातानं उचललं होतं.

"उद्या तुम्ही पण कफ देऊन या," उज्ज्वला म्हणाली.

"मला काय झालंय? मी नियमात आहे."

उज्ज्वलानं त्याच्या खांद्यावरून पट्टा उतरवला, नळी सोडवली आणि ती त्याच्या नाकाशी धरली. तो नाही नाही म्हणत होता. मग म्हणायचा थांबला.